एडीपी टेस्ट फेल झाली: रिफंडच्या फॉर्मवर सही करण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतली पंधरा माणसांची सॉफ्टवेअर कन्सल्टिंग कंपनी, २०१९ पासून ४०१(के) प्लॅन, म्हणजे पगारातून करसवलतीने होणारी निवृत्तीची बचत. मालक बावन्न वर्षांचे. पत्नी अठ्ठेचाळीस वर्षांची, कंपनीतच पगारावर आहे आणि हिशेब सांभाळते. फेब्रुवारी २०२६ च्या सुरुवातीला रेकॉर्डकीपरचं, म्हणजे प्लॅनची खाती सांभाळणाऱ्या कंपनीचं, पत्र आलं: २०२५ सालची एडीपी टेस्ट फेल, एसीपीही फेल. मालकांना १५,५५० डॉलर, पत्नीला १०,०५० आणि टेक्निकल लीडला २,२५० डॉलर परत काढावे लागतील, मॅचमधलीही (कंपनी आपल्याकडून घालते त्यातलीही) थोडी रक्कम जाईल, सोबतच्या फॉर्मवर सही करून पाठवा. त्यावर मालकांचं म्हणणं: "आमचेच पैसे, आमचीच कंपनी, नियमाच्या मर्यादेत भरले. मग परत का? आणि पगाराच्या टक्क्यांनी बघितलं तर सगळ्यात जास्त बायकोने भरलेत, मग सगळ्यात मोठा रिफंड माझा कसा? दंड आहे का हा? टाळता येईल का?"

आधी एवढंच सांगते की त्या फॉर्मवर आज सही करू नका. पत्रातलं गणित चूक नाही, पण ते अर्धवट माहितीवर केलेलं दिसतंय. मी गेली एकोणीस वर्षं टीपीएचं, म्हणजे कंपन्यांच्या अशा प्लॅनचा कारभार आणि टेस्ट बघायचं, काम करते. माझा अनुभव असा की पहिल्या फेरीत फेल आलेल्या छोट्या कंपन्यांच्या टेस्टमधला आकडा नीट तपासल्यावर बहुतेक वेळा बदलतो. कधी थोडा, कधी निम्म्याने.

"परत का" याचं उत्तर आपल्या लोकांना पीएफची आठवण करून दिली की पटकन कळतं. भारतात पीएफला कर्मचाऱ्याचे बारा टक्के आणि मालकाचे बारा टक्के साधारणपणे सक्तीचे, त्यामुळे कोण भरतो आणि कोण भरत नाही हा प्रश्न फारसा उरत नाही. अमेरिकेतलं ४०१(के) ऐच्छिक. ज्याच्या हातात पैसे उरतात तो भरतो, आणि उरतात ते वरच्यांच्या हातात. सरकारचं म्हणणं असं की करसवलत आम्ही सगळ्यांसाठी ठेवली आहे. वरचे किती भरू शकतात ते खालचे किती भरतात यावर अवलंबून राहील. एडीपी टेस्ट म्हणजे एवढंच. पगारातून जाणाऱ्या भरण्याला एडीपी, कंपनीच्या मॅचला एसीपी.

मर्यादा अशी मोजतात: प्रत्येकाचा भरणा त्याच्या पगाराच्या किती टक्के ते काढायचं, आणि खालच्या गटाची, म्हणजे बाकीच्या स्टाफची, सरासरी दोन टक्क्यांपर्यंत असेल तर वरच्या गटाला तिच्या दुप्पट, दोन ते आठच्या मधे असेल तर त्यात दोन मिळवा, आठच्या वर असेल तर सव्वापट. तुमच्या खालच्या गटाची सरासरी पत्रात ३ टक्के आहे, म्हणून वरच्या गटाला ५ टक्के. तुमच्या तिघांची सरासरी आहे १३.६७. फेल होणारच.

ती १३.६७ कुठून आली ते बघा. मालकांचा पगार २,३५,००० डॉलर, भरणा २३,५००, म्हणजे १० टक्के. लीडचा पगार १,७०,०००, भरणा १०,२००, म्हणजे ६ टक्के. पत्नीचा पगार ७२,००० आणि भरणा १८,०००. पंचवीस टक्के! दहा, सहा आणि पंचवीस यांची बेरीज एक्केचाळीस, भागिले तीन. घरातली सगळी बचत ४०१(के)मध्ये जावी म्हणून पत्नीचा पगार बेताचा ठेवून त्यातला मोठा हिस्सा प्लॅनमध्ये वळवायचा, हे नवरा-बायकोच्या कंपन्यांमध्ये मी नेहमी बघते. कर वाचवायला उत्तम, पण टेस्ट मोडायला त्याहून उत्तम.

पत्नीचा पगार ७२,००० असून ती वरच्या गटात कशी, हाही प्रश्न येतो. वरच्या गटात, म्हणजे एचसीई, दोन दारांनी जाता येतं. एक, आदल्या वर्षी ठरावीक रकमेपेक्षा जास्त पगार. २०२५ च्या टेस्टसाठी २०२४ सालचा पगार १,५५,००० डॉलरच्या वर. दुसरं, कंपनीत पाच टक्क्यांहून जास्त मालकी, आणि इथे नवऱ्याची मालकी बायकोची धरतात. मालकाचे आईवडील आणि मुलंसुद्धा पगारावर असतील तर वरच्याच गटात, मग पगार वीस हजार का असेना. भाऊ मात्र यात येत नाही, सून-जावई नाही, सासरेही नाहीत. ही यादी मी दर जानेवारीत मालकांना फोनवर विचारते, कारण पेरोलच्या फाइलमध्ये नाती लिहिलेली नसतात.

यातच पहिली तपासणी आली. तुमच्या लीडला २०२५ मध्ये १,७०,००० मिळाले, ठीक. पण बघायचा तो २०२४ चा पगार. तो २०२४ च्या मध्यात रुजू झाला असेल आणि त्या वर्षीच्या डब्ल्यू-२ वर (पगाराच्या वार्षिक दाखल्यावर) ऐंशी-नव्वद हजारच असतील, तर २०२५ च्या टेस्टमध्ये तो खालच्या गटातला. वरच्या गटातली सरासरीही बदलेल, खालचीही. तो जुना माणूस आहे असं धरून मी पुढचे आकडे काढलेत, पण डब्ल्यू-२ काढून बघा.

दुसरी तपासणी खालच्या गटाची. पत्रासोबतच्या यादीत बारा जण आहेत: पाच जण अनुक्रमे १०, ८, ८, ६ आणि ४ टक्के भरतात, उरलेले सात शून्यावर. शून्यवाले धरायलाच लागतात, कारण प्लॅनमध्ये यायचा हक्क असलेला प्रत्येक जण मोजला जातो, भरो न भरो. वर्षाच्या मधे सोडून गेलेलासुद्धा. मागे एका कंपनीच्या पेरोलवाल्यांनी मला फक्त भरणाऱ्यांचीच यादी पाठवली होती. टेस्ट अशी झकास पास झाली की मलाच शंका आली. वीसजणांच्या कंपनीत यादीत नऊच नावं. उरलेली अकरा शून्यं आल्यावर फेल. मालकांना वाटलं मी मुद्दाम शोधून काढलं. काढलंच होतं; तीन वर्षांनी ऑडिटमध्ये निघण्यापेक्षा तेव्हा निघालेलं बरं.

शून्यवाल्यांबद्दल आणखी एक गैरसमज आपल्याच कंपन्यांमध्ये फार ऐकते: "ते एच-वन-बीवर आहेत, ओपीटीवर आहेत, नॉन-रेसिडेंट आहेत, त्यांना टेस्टमधून काढा." असं काढता येत नाही. ज्या परदेशी माणसाचं अमेरिकेतून काहीच उत्पन्न नाही त्यालाच वगळता येतं. तुमच्या एडिसनच्या ऑफिसात बसून अमेरिकन पगार घेणारा मुलगा, मग तो करासाठी नॉन-रेसिडेंट असला तरी, मोजला जातो. पुण्याच्या ऑफिसमधली, पुण्याच्या पेरोलवरची माणसं वेगळी.

पण तुमच्या सात शून्यांमधले चार जण मार्च २०२५ नंतर रुजू झालेले आहेत, आणि रेकॉर्डकीपरने वापरलेलं नाही असं दार इथे आहे. तुमचा प्लॅन माणसाला पहिल्या दिवसापासून आत घेतो. कायदा मात्र वर्षभराची नोकरी आणि एकवीस वर्षं वय पूर्ण होईपर्यंत थांबायला परवानगी देतो. तुम्ही त्यापेक्षा उदार वागलात म्हणून तुम्हाला शिक्षा होऊ नये, यासाठी कायद्यातच पर्याय ठेवलाय: ज्यांनी तो किमान काळ पूर्ण केलेला नाही असे खालच्या गटातले लोक एडीपीच्या हिशेबातून बाजूला ठेवता येतात. वरचे सगळे राहतात, खालचे नवे निघतात.

चार शून्यं निघाली की बाराऐवजी आठ माणसं राहतात. बेरीज तीच छत्तीस, सरासरी ३ वरून ४.५. वरच्या गटाची मर्यादा ५ वरून ६.५. एसीपी तर चक्क पास होते: तुमची मॅच पहिल्या चार टक्क्यांवर पन्नास सेंट, म्हणजे भरणाऱ्या प्रत्येकाला दोन टक्के. बाराजणांत सरासरी ०.८३ येत होती, दुप्पट केली तरी १.६७, आणि तुम्ही तिघं दोनवर, म्हणून फेल. आठजणांत सरासरी १.२५, दुप्पट २.५. मॅचमधून एक पैसाही काढायला नको.

तिसरी तपासणी वयाची. मालक बावन्न वर्षांचे. पन्नाशी गाठलेल्यांना २०२५ साठी २३,५०० च्या वर आणखी ७,५०० डॉलर कॅच-अप म्हणून भरता येत होते, ते तुम्ही भरले नाहीत. टेस्ट फेल झाल्यावर ज्याच्याकडे कॅच-अपची जागा रिकामी आहे त्याची जादा रक्कम आधी त्या जागेत सरकवायची, परत काढायची ती उरलेली. पैसे खात्यातच राहतात, फक्त त्यांचं नाव बदलतं. पत्रात १५,५५० चा पूर्ण आकडा आहे, म्हणजे त्यांच्या यादीत तुमची जन्मतारीख नाही किंवा चुकलेली आहे. एक रिकामा रकाना, साडेसात हजारांचा.

आता तुमचा खरा प्रश्न: पत्नीचे पंचवीस टक्के आणि मोठा रिफंड तुमचा, हे कसं? हिशेब दोन टप्प्यांत होतो आणि दोन्ही टप्प्यांची मोजपट्टी वेगळी आहे. पहिल्या टप्प्यात एकूण किती रक्कम जादा आहे ते ठरतं, आणि ते टक्क्यांवर. सगळ्यात वरच्या टक्क्यापासून खाली घासत यायचं: आधी पत्नीचे पंचवीस खाली आणून दहावर, मग तुम्ही दोघं मिळून सहापर्यंत, मग तिघंही पाचपर्यंत. पत्रातल्या ५ टक्क्यांच्या मर्यादेने तुमचे ११,७५०, पत्नीचे १४,४००, लीडचे १,७००, एकूण २७,८५०. इथपर्यंत पत्नीचा वाटा सगळ्यात मोठा आहे, तुम्ही म्हणता तसाच.

दुसऱ्या टप्प्यात ती एकूण रक्कम कोणाच्या खात्यातून काढायची ते ठरतं, आणि ते डॉलरवर. ज्याने सगळ्यात जास्त डॉलर भरले त्याच्यापासून सुरुवात. तुमचे २३,५०० खाली आणून पत्नीच्या १८,००० पर्यंत: ५,५०० निघाले. मग दोघांचे १०,२०० पर्यंत, म्हणजे लीडच्या पातळीला: प्रत्येकी ७,८००. उरले ६,७५०, ते तिघांत सारखे, प्रत्येकी २,२५०. म्हणून तुमचे १५,५५०, पत्नीचे १०,०५०, लीडचे २,२५०, आणि शेवटी तिघांच्याही नावावर ७,९५०. हे १९९७ पासून असं आहे. त्याआधी रिफंडही टक्क्यांवर होता, तेव्हा पत्नीला १४,४०० परत आले असते. बदल करताना कल्पना अशी की टक्क्यांवर काढलं तर कमी पगाराचा एचसीई जास्त भरडला जातो. तुमच्याकडे मात्र पत्नीचे टक्के आणि भार तुमच्यावर आणि त्या बिचाऱ्या लीडवर, ज्याने सहा टक्के भरण्यापलीकडे काही केलेलं नाही.

आता तपासणीनंतरचं गणित. मर्यादा ६.५, तिघांची मिळून १९.५. लीड सहावर आहे, तो सुटला. तुम्ही दोघं पावणेसातपर्यंत यायचं. एकूण जादा रक्कम २०,७७७.५०. डॉलरच्या टप्प्यात तुमचे १३,१३८.७५ आणि पत्नीचे ७,६३८.७५. तुमच्यातले ७,५०० कॅच-अपमध्ये सरकले, उरले ५,६३८.७५. म्हणजे प्रत्यक्षात प्लॅनबाहेर जाणार १३,२७७.५० डॉलर. पत्रात होते २७,८५०. शिवाय लीडला तोंड दाखवायला जागा राहिली. आकड्यांत २०२५ सालातला नफा-तोटा मिळवलेला नाही. तो रेकॉर्डकीपर ३१ डिसेंबरपर्यंतचा मोजून रिफंडमध्ये घालेल. त्यानंतरचा, म्हणजे जानेवारीपासून चेक निघेपर्यंतचा, मोजावा लागत नाही.

दंड आहे का? वेळेत केलं तर नाही. प्लॅन-वर्ष संपल्यापासून अडीच महिने, म्हणजे १५ मार्च. यंदा १५ मार्चला रविवार आहे. सोमवारी केलं तर चालेल असं धरून बसू नका, शुक्रवार १३ तारखेला पैसे खात्यातून निघालेले असू देत. आणि रेकॉर्डकीपरला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून सुधारलेली यादी याच आठवड्यात पाठवा. तारीख चुकली तर रिफंड होऊनही जादा रकमेवर कंपनीला १० टक्के एक्साइज टॅक्स लागतो, तो फॉर्म ५३३० वर भरायचा. तुमच्या बाबतीत साधारण १,३२८ डॉलर. लोक या तारखेला फार घाबरतात; मला दुसऱ्या तारखेची जास्त भीती वाटते. ३१ डिसेंबर २०२६. तोपर्यंतही काहीच केलं नाही तर प्रश्न दंडाचा राहत नाही, प्लॅनच्या करमान्यतेचा होतो. मग आयआरएसच्या दुरुस्ती कार्यक्रमातून जावं लागतं आणि तिथला नेहमीचा उपाय खर्चिक आहे: वरच्यांना जेवढं परत, तेवढीच रक्कम कंपनीच्या खिशातून खालच्यांच्या खात्यात. मार्चमध्ये काहीही न गमावता सुटणारी गोष्ट पुढच्या वर्षी तेरा हजारांची होते.

एक अपवाद सांगून ठेवते, तुम्हाला लागू नाही पण कोणाला तरी असेल: सगळ्यांची आपोआप नोंदणी करणारा, ठरावीक अटींचा प्लॅन असेल तर १५ मार्चऐवजी ३० जूनपर्यंत वेळ मिळते.

रिफंड नको, त्याऐवजी स्टाफच्या खात्यात पैसे घालून सरासरी वर नेऊ, असं मालकांपैकी बरेच जण म्हणतात. म्हणताना त्यांचा सूर चांगला असतो. या रकमेला क्यूएनईसी म्हणतात, "क्यूनेक" असं म्हणतो आम्ही. ती कंपनीने भरायची, पहिल्या दिवसापासून पूर्णपणे कर्मचाऱ्याच्या मालकीची, आणि पुढच्या वर्षाच्या अखेरपर्यंत भरता येते. टेस्ट एका केसाने फेल झाली असेल तेव्हा हा उपाय सोन्यासारखा: ०.२ टक्क्यांनी अडलेल्या एका कंपनीत हजार-बाराशे डॉलर घालून सहा जणांचे रिफंड वाचवल्याचं मला आठवतं. कर्मचारी सोडून गेल्यावर प्लॅनमध्ये पडून राहिलेली मॅचची रक्कमही २०१८ पासून यासाठी वापरता येते, म्हणजे खिशातून जावं लागेलच असं नाही. पण तुमच्याकडे अंतर फार आहे. टेस्ट सरळ पास करायची तर खालच्या गटाची सरासरी जवळजवळ अकरावर न्यावी लागेल. पूर्वी एक युक्ती चालायची: उन्हाळ्यात दोन हजार डॉलर कमावून गेलेल्या इंटर्नच्या खात्यात पाचशे घालायचे, झाले पंचवीस टक्के, सरासरी टुणकन वर. ती २००६ पासून बंद झाली. आता साधारणपणे एका माणसाच्या पगाराच्या पाच टक्क्यांपर्यंतच टेस्टमध्ये धरतात, किंवा प्लॅनमधल्या प्रातिनिधिक दराच्या दुप्पट, जे जास्त असेल ते.

दुसरा मार्ग नवा आहे आणि तो मालकांना कोणी सांगत नाही. २०१९ च्या सिक्युअर कायद्याने वर्ष संपल्यानंतरसुद्धा प्लॅन मागच्या वर्षापुरता सेफ हार्बर, म्हणजे स्टाफला ठरावीक रक्कम देऊन टेस्टमधून सुटलेला, करून घेता येतो. खालच्या गटातल्या सगळ्यांना पगाराच्या चार टक्के द्यायचे, भरणारा असो वा शून्यवाला. २०२५ साठीची प्लॅनची दुरुस्ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत चालेल. मग एडीपी टेस्टच लागत नाही, रिफंड शून्य. तुमच्या बाराजणांचा पगार मिळून ८,८०,००० आहे. चार टक्के म्हणजे ३५,२०० डॉलर. तुमच्या घरात परत येणारे १३,२७७ डॉलर हे तुमचेच पैसे, त्यावर फक्त आता कर बसणार, चोवीस टक्क्यांच्या टप्प्यात धरला तर बत्तीसशेच्या आसपास. तीन हजारांचा कर वाचवायला पस्तीस हजार घालू नका. माझं मत रिफंड घ्या असं आहे. ज्या कंपन्या वर्षअखेरीस नाहीतरी स्टाफला प्रॉफिट शेअरिंग देणारच असतात त्यांच्यासाठी हा मार्ग वेगळा दिसतो.

तुम्हाला मी जे सांगेन ते २०२६ बद्दल जास्त आहे. कागद-पेन्सिल घ्या. समजा २०२५ मध्ये पत्नीने काहीच भरलं नसतं. तिघांचे टक्के दहा, शून्य, सहा, सरासरी ५.३३. मर्यादा ६.५. पास. तिचं शून्य वरच्या गटाची सरासरी खाली ओढतं, म्हणजे इथे शून्य तुमच्या कामाला येतं. जागा उरते ती मोजा: ती साडेतीन टक्के, २,५२० डॉलर भरू शकली असती. तुम्ही २३,५०० आणि वर कॅच-अपचे ७,५००. घरातून एकूण ३३,५२० आत राहिले असते, एकही रिफंड नाही. प्रत्यक्षात दोघांनी मिळून ४१,५०० भरले आणि दुरुस्तीनंतर आत राहतील २८,२२२. जास्त भरून कमी उरलं. तेव्हा २०२६ मध्ये आधी तुमचं खातं पूर्ण भरा, तिचं साडेतीन टक्क्यांच्या आतच ठेवा, आणि जुलैमध्ये एकदा अर्ध्या वर्षाची टेस्ट करून मागा. रेकॉर्डकीपर ती आपणहून करत नाहीत, मागितली की करतात.

एक खाच लक्षात ठेवा. २०२६ पासून, आदल्या वर्षी त्याच कंपनीतून दीड लाख डॉलरपेक्षा जास्त पगार घेतलेल्यांचा कॅच-अप रॉथमध्येच, म्हणजे आधी कर भरून झालेल्या पैशातून, जायला हवा. तुम्ही त्यात येता. यंदासारखी जादा रक्कम गुपचूप कॅच-अपमध्ये सरकवणं पुढच्या वर्षी इतकं सरळ राहणार नाही. प्लॅनमध्ये रॉथची सोय आहे का ते आत्ताच विचारा.

सेफ हार्बर घ्यायचा का, हा त्यापुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मला टॉप-हेवीचा आकडा बघितल्याशिवाय देता येणार नाही. वर्ष सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे ३१ डिसेंबरला, प्लॅनमधल्या एकूण रकमेपैकी साठ टक्क्यांहून जास्त तुम्हा दोघांच्या खात्यात असेल तर प्लॅन टॉप-हेवी, आणि मग बाकी सगळ्यांना तीन टक्क्यांपर्यंत देणं तुमच्यावर येतंच. नवरा-बायकोच्या कंपन्या सात-आठ वर्षांत या रेषेपर्यंत पोचतात. तसं झालं असेल तर ते तीन टक्के सेफ हार्बरच्या नावाने द्या, खर्च जवळजवळ तेवढाच आणि एडीपीची कटकट कायमची गेली; तीन टक्क्यांचा निर्णय २०२६ साठी नोव्हेंबर अखेरपर्यंत घेता येईल. टॉप-हेवी नसाल तर मॅचवाला सेफ हार्बर बघा: पहिल्या तीन टक्क्यांवर डॉलरला डॉलर, पुढच्या दोनवर पन्नास सेंट. तो भरणाऱ्यांनाच द्यावा लागतो. सात शून्यं असलेल्या कंपनीत तो स्वस्त पडतो. मात्र तो वर्षाच्या सुरुवातीपासून लागू करायचा, म्हणजे आता जानेवारी २०२७, आणि ती मॅच लगेच पूर्णपणे कर्मचाऱ्याची होते.

त्या सात मुलांशी एकदा बोला. "मी पाच वर्षांत परत जाणार, अडकवू कशाला" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. परत गेल्यावर खातं बंद होत नाही, पैसे नावावर राहतात, आणि मॅच न घेणं म्हणजे पगाराचे दोन टक्के दर वर्षी टेबलावर सोडून जाणं. तिघांनी चार-चार टक्के भरायला सुरुवात केली तर जुन्या आठजणांची सरासरी साडेचारवरून सहावर जाईल. तुमची मर्यादा आठ. रिफंड कमी करायचा एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही.

रेकॉर्डकीपरला पाठवायच्या मेलमध्ये तीनच गोष्टी लिहा: मालकाची जन्मतारीख दुरुस्त करून कॅच-अप लावा, वर्ष पूर्ण न झालेले चार जण वगळून टेस्ट पुन्हा चालवा, सोबत त्यांच्या रुजू तारखा, लीडचा २०२४ चा डब्ल्यू-२ जोडला आहे, त्याची एचसीई म्हणून नोंद तपासा. नव्या निकालाची प्रत मागा, नुसता "सुधारलेला आकडा" नको.

आणि चेक आल्यावर तो २०२६ चं उत्पन्न आहे, २०२५ चं नाही. २०२५ च्या डब्ल्यू-२ ला हात लावायचा नाही, रिटर्न पुन्हा भरायचं नाही. तुमचा सीपीए म्हणाला तरी. जानेवारी २०२७ मध्ये १०९९-आर (प्लॅनमधून निघालेल्या पैशांचा कराचा फॉर्म) येईल, त्यावर कोड ८ असेल. त्यावर लवकर काढल्याचा दहा टक्के दंड बसत नाही आणि तो आयआरएमध्ये (स्वतःच्या निवृत्ती खात्यात) रोलओव्हरही करता येत नाही. पत्नीचा भरणा रॉथमध्ये असेल तर तिला फक्त नफ्यावर कर. पत्राची प्रत २०२६ च्या कराच्या फाइलमध्ये लावून ठेवा.